शाखा कुणाची, हिशेब कुणाला

जऊळका या वाशीम जिल्ह्यातल्या गावाबद्दल विकिपीडियावर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. मोबाइल आणि सवड असली की झालं. मग मुक्त ज्ञानाच्या चळवळीला देशोदेशी नोंदणीकृत शाखा आणि अनुदानं कशाला हवीत?

एकट्याला न पेलणाऱ्या कामासाठी. अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरच्या या गावात मीटरगेजच्या काळातल्या आठवणी सांगणारी माणसं आहेत. जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलीतली गाणी आहेत. ती ध्वनिमुद्रित करायची तर यंत्र लागतं, प्रवासखर्च लागतो, गाणाऱ्या बाईची संमती लागते. शाळेचं जुनं दप्तर स्कॅन करायचं तर अर्जाखाली संस्थेचा शिक्का हवा; टोपणनावाने लिहिणाऱ्याच्या हाती कोणता मुख्याध्यापक कपाटाची किल्ली देईल? मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तरी त्यावरचे गावांचे असंख्य लेख अजून एकाच साच्यातले आहेत, ते हे काम राहून गेल्यामुळे.

भारतातली शाखा, विकिमीडिया इंडिया, जानेवारी २०११ मध्ये बंगळुरूत नोंदली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठात देशभरचे विकिपीडियन जमले. पण परदेशी निधी घ्यायला विदेशी अंशदान कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो शाखेजवळ नव्हता. २०१२ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या अमेरिकेतल्या विकिमीडिया फाउंडेशनचं अनुदान बंगळुरूच्याच सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेकडे जाऊ लागलं. २०१९ मध्ये शाखेची मान्यताच गेली. सेंटरला मिळालेल्या अनुदानातून मराठीत शिबिरं झाली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण अशा अनुदानात कार्यशाळा किती, नवे संपादक किती, लेख किती, हे मोजलं जातं आणि अहवाल दूरवर वाचला जातो. एखाद्या म्हातारीजवळ दोन दिवस बसून मिळवलेलं एकच गाणं त्या रकान्यात क्षुल्लक ठरतं.

याउलट जर्मनीची शाखा २००४ ची. तिला स्वतःचे सभासद आहेत, देशातल्या देणगीदारांचं पाठबळ आहे; २०१२ चा विकिडेटा हा मुक्त माहितीसाठा तिनेच बर्लिनमध्ये उभा केला. जर्मनी श्रीमंत आहे, हे खरं. पण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्र कुठे श्रीमंत होता? महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी नागपूरला ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली, तिचे भाग विकले, वर्गणीदार जमवले, आणि २३ खंड पुरे केले. वर्गणीदाराच्या जिवावर कोश होतो, हे मराठी माणसाने एकदा करून दाखवलेलं आहे. आज तर वर्गणी देणाऱ्याला स्वतः लिहिताही येतं.

म्हणून मला वाटतं, फाउंडेशनने सर्व्हर सांभाळावेत, महागडी यंत्रं द्यावीत, न्यायालयात पाठीशी उभं राहावं. इथे पुन्हा शाखा उभी राहिली तर तिचा रोजचा खर्च मात्र जिल्ह्यातूनच निघावा, रक्कम कितीही लहान असो. विदर्भातली गावं हरिनाम सप्ताहाला वर्गणी देतात आणि हिशेबही मागतात. तोच हक्क शाखेबाबतही यावा. बसायला जागाही आहे: १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं खेड्यापाड्यांत आहेत. एका कपाटात स्कॅनर राहील, आठवड्यातून एक संध्याकाळ शिकवता येईल. आणि ज्याने पन्नास रुपये दिलेत तो वर्षअखेरीला येऊन विचारेल, आमच्या तांड्याची गाणी कुठे ऐकायला मिळतात, दाखवा.