परक्या भिंतीवरील आपलें अक्षर

तंजावरच्या बृहदीश्वराच्या दर्शनास गेलेला महाराष्ट्रीय मनुष्य तेथील मराठी शिलालेखापाशीं जितका वेळ उभा राहतो, तितका वेळ तो गाभाऱ्यापुढें उभा राहत असेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. आम्ही स्वतः तरी राहिलों नाहीं. दोनशें फुटांहून उंच असें तें विमान मान दुखेपर्यंत पाहून झालें, नंदीपुढें हात जोडून झाले, आणि मग ज्यासाठीं मनांतून आलों होतों तिकडे पावलें आपोआप वळलीं. दुसऱ्या सरफोजीराजांनीं १८०३ सालीं कोरवून घेतलेलें भोसले कुळाचें चरित्र तेथें मराठींत आहे. सभोंवार तामीळ बोल ऐकूं येत असतां दगडावर आपली भाषा दिसावी, याचा आनंद काय सांगावा! आम्हीं चष्मा पुसला व मोठ्यानें वाचावयास आरंभ केला.

आमच्याबरोबर भाचीचा दहा वर्षांचा मुलगा होता. आम्ही वाचनांत गढलों आहों असें पाहून त्यानें खिशांतून एक नाणें काढलें व जवळच्याच दगडावर तो आपल्या नांवाचें पहिलें अक्षर ओढूं लागला. आम्हीं त्याचा हात धरला आणि प्राचीन वास्तूंच्या रक्षणाविषयीं एक लहानसें व्याख्यान दिलें. प्राध्यापकाच्या तोंडून तें अनायासेंच बाहेर पडतें. मुलानें तें निमूटपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग आजोबा, राजांनीं लिहिलेलें कसें चाललें?"

"ते राजे होते," असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. पण हें उत्तर खरें नव्हतें, हें आमचें आम्हांस ठाऊक होतें. १७९९ च्या तहानें राज्याचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला होता. राजांकडे किल्ला व त्याच्या आसपासचा थोडा मुलूख एवढेंच उरलें होतें. म्हणजे राज्य गेल्यावर चार वर्षांनीं ही कुळकथा दगडावर चढली. सत्ता हातांत असतां मनुष्याला आपला इतिहास लिहिण्याची घाई नसते. ती गेली म्हणजे मात्र पुढें आपल्याला कोण ओळखील, या भीतीनें झोंप येत नाहीं. सरस्वती महालांतील ग्रंथसंग्रह ज्यानें जिवापाड वाढविला, त्या राजाची ही तळमळ आम्हांस समजते. पण तळमळ समजली म्हणून हक्क सिद्ध होतो काय?

कोणी म्हणेल कीं, देवालय ही पिढ्यान्‌पिढ्यांची भर घेत वाढणारी वस्तु आहे. नायकांच्या काळीं गाभाऱ्याभोंवतींच्या अंधाऱ्या वाटेंत चोळांच्या चित्रांवर नवीं चित्रें काढलीं गेलीं, व तीं जुनीं चित्रें १९३१ सालीं पुन्हा उजेडांत आलीं. तशीच ही एक भर. युक्तिवाद वाईट नाहीं. परंतु भर घालणारा प्रत्येक जण हेंच म्हणतो, आणि नाणें घेतलेला आमचा नातूही तेंच म्हणाला असता.

इतक्यांत, मघांपासून आमच्याकडे पाहत असलेले एक वृद्ध तामीळ गृहस्थ पुढें आले. ते निवृत्त शिक्षक होते. "आपली भाषा वाचून झाली असेल तर आमचीही पाहा," असें ते इंग्रजींत हंसत म्हणाले, व त्यांनीं आम्हांस दुसऱ्या भिंतीकडे नेलें. तासापूर्वी आम्ही तिच्यावरून गेलों होतों, आणि त्या ओळी म्हणजे कांहींतरी नक्षी असावी अशा समजुतीनें पुढें सरकलों होतों! १०१० च्या सुमारास हें मंदिर पुरें करणाऱ्या राजराज चोळानें, आपण दिलेलें, आपल्या थोरल्या बहिणीनें दिलेलें, राण्यांनीं दिलेलें व इतरांनीं दिलेलें, असें सर्व दान दगडावर कोरण्याची आज्ञा केली होती. देवापुढील दिव्यासाठीं शहाण्णव मेंढ्या घेऊन रोज ठराविक माप तूप पोंचविणाऱ्या धनगरांच्या नोंदी तेथें आहेत; कळप कधीं कमी होऊं द्यावयाचा नाहीं, म्हणून त्या मेंढ्यांना न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या असें तामिळांत म्हटलें आहे. दुसऱ्या गांवांच्या देवळांतून आणलेल्या चारशें नर्तकींचीं नांवें आहेत. कोणती आळी, रांगेंतील कितवें घर, मूळ देऊळ कोणतें, आणि प्रत्येकीस वर्षाला शंभर कलम भात.

राजराज निरहंकारी होता असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. स्वतःच्या विजयांची प्रौढी गाइल्यावांचून त्याचे लेख सुरूच होत नाहींत. आणि त्या चारशें बायकांना आपलीं गांवें सोडावयाचीं होतीं काय, हें कोणीं विचारलें असेल असें वाटत नाहीं. तरी त्याच्या भिंतीवर त्याच्याशिवाय दुसरीं माणसें आहेत. आमच्या लेखांत आम्हीं केवळ आमचेच पूर्वज शोधले.

त्याच शिक्षकांनीं आम्हांस आणखी एक गोष्ट सांगितली. मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्त असलेल्या भोसले वंशजांनीं १९३९ सालीं हें दार अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठीं उघडलें. व्यंकोजीराजांपासूनची वंशावळ आम्हांस तोंडपाठ. हें मात्र एका तामीळ शिक्षकाकडून कळावें! दाराशींच नोंद असल्याचें ते म्हणाले. आम्ही त्या दारानेंच आंत आलों होतों.

मुलाचें नाणें केव्हांच खिशांत गेलें होतें. शिक्षक बोट ठेवून एकेक घर वाचीत होते. प्रत्येक नांवाच्या आरंभीं 'नक्कन्' येतें हें त्यानें ताडलें, व तो शब्द येतांच तो त्यांच्याआधीं म्हणूं लागला. गाडीची वेळ झाली म्हणून आम्हीं दोनदां हांक मारली. नवव्या घरापर्यंत ते आले होते. दहावें ऐकल्याशिवाय तो येईना.