सेवन आणि सेवा

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२



आजचा श्लोक पचायला जड आहे. भगवंत सांगतात, देवांनी दिलेलं त्यांना काहीच परत न देता जो एकटा भोगतो, तो चोर. हा काही कुणाच्या घरात शिरलेला माणूस नाही. आपल्याच ताटावर बसून जेवणारा आहे. मग चोरी कसली?

उत्तर शोधताना आपल्याच भाषेतला एक शब्द हाताशी आला. प्रसादाचं आपण ‘सेवन’ करतो आणि गुरूची ‘सेवा’ करतो. दोन्ही शब्द एकाच धातूचे. जुन्या भाषेत वन सेवणं म्हणजे वनाचा आश्रय घेऊन राहणं. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना गीतेनेही एकांत ‘सेवण्याचा’ उल्लेख केला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तरुणपणी चिमूरकडच्या रामदिघीच्या रानात साधना केली. त्यांनी रान सेवलं. पुढे गावोगाव जे काम उभं केलं, त्याला नाव दिलं श्रीगुरुदेव सेवा मंडळ. म्हणजे घेणं आणि देणं एकाच मुळावर वाढतात. सेवन ठेवलं आणि सेवा तोडली, की चोरी झाली.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, सांगायला लाज वाटते. आमच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे. चैतात पहाटे फुलं गळतात. खाली पाचोळा असला की वेचायला त्रास होतो, म्हणून एका वर्षी मी पाचोळ्याला काडी लावली. आग धुरा ओलांडून शेजारच्या झुडपी जंगलात गेली. गावातल्या माणसांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती विझवायला रात्र झाली. शेजारची म्हातारी काळी पडलेली जमीन बघून एवढंच बोलली, “बाबू, फूल त देवानं टाकलं. पाचोळा झाडाले तुले हात नोहते का?”

मला अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही. खराट्याचं अर्ध्या तासाचं काम होतं. तेवढी सेवा चुकवली आणि फुलं मात्र टोपलीभर हवी होती.

आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. लोक कागदाची तारीख लक्षात ठेवतात. मला त्याच्या आधीची वर्षं मोठी वाटतात. कायदा नव्हता तेव्हापासून गावाने सर्वांच्या सहमतीने नियम केले होते : वणवा लावायचा नाही, अतिक्रमण करायचं नाही, जंगल आपणच राखायचं. कायद्यातही वापरण्याच्या हक्काबरोबर राखण्याचा हक्क लिहिला आहे. राखण्यालाही हक्क म्हणावं, हे मला फार आवडतं. आपण त्याला ओझं म्हणतो.

आणि नियम ‘पाळतात’. लेकरूही पाळतात, एकादशीही पाळतात, दिलेला शब्दही पाळतात. क्रियापद एकच. लेकराला एक दिवस जेवू घालून भागत नाही, तसंच नियमाचं. ज्या दिवशी कोणी बघत नाही, त्या दिवशी त्याला जास्त सांभाळावं लागतं. मी काडी लावली, तेव्हाही कोणी बघत नव्हतं.

मग मनात येतं, एवढं राखलं, पाळलं, म्हणजे आपण त्या दानाला पात्र झालो का? इथे जरा थांबू या. ‘पात्र’ म्हणजे योग्य, पात्र म्हणजे भांडं, आणि नदीचंही पात्र असतं. मार्कंड्याला जाऊन बघा. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते. ते पाणी पात्राने कमावलेलं नाही, ते वरून आलं. पात्राचं काम काठ सांभाळायचे आणि पाणी पुढच्या गावाला जाऊ द्यायचं. अडवून धरलं तर नदी कसली, डबकं होईल. पात्रता म्हणजे देवाकडे मांडायचा हिशेब नाही. आलेलं सांडू नये आणि साचूही नये, एवढीच ती तयारी. मोहाचं फूल माझ्या पुण्याईने पडत नाही. ते पडतंच. ते पडतं त्या जमिनीची काळजी घेणं तेवढं माझ्याकडे आहे.

त्या वर्षापासून मी खराट्याने झाडतो. जळलेली रोपटी त्याने परत आली नाहीत, हेही खरं. प्रायश्चित्ताने सगळं भरून निघतं असं मी म्हणणार नाही. पण पाठ वाकवून झाडताना आजचा श्लोक थोडा थोडा कळतो.

आज जेवायला बसाल तेव्हा एका घासापुरतं थांबा. हे कुठून आलं ते आठवा, आणि त्या जागेसाठी आपल्या हातून होण्यासारखं एक काम ठरवा. लहान चालेल, पण रोज पाळता येईल असं असू द्या. मग सुखाने जेवा.

हे गुरुदेवा, घेताना आमचे हात जेवढे पुढे येतात, तेवढेच राखतानाही येऊ देत.

जय गुरुदेव!