पाचवं दैव

दुरुस्तीनंतर ओव्हन तापेनासा झाला की गिऱ्हाईक म्हणतं, मेकॅनिकने बिघडवला. मेकॅनिक म्हणतो, तुमचं नशीब. विजेच्या वस्तू दुरुस्त करण्यात माझी हयात डोंबिवलीत गेली. ही दोन वाक्यं इतक्यांदा ऐकली की आता मला त्यांत भांडणच दिसत नाही. दोघांनाही हवा असतो एकच कर्ता, आणि तो आपण सोडून दुसरा कुणीतरी.

गीतेच्या अठराव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, कर्म घडण्याची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधीची चार तपासल्याशिवाय पाचव्याचं नाव काढू नये, निदान मीटर हातात असणाऱ्याने तरी.

ऑर्डरचे केक करणारी एक मुलगी ओटीजी घेऊन आली होती. थर्मोस्टॅट दुसऱ्या दुकानातून बदलून घेतलेला. थोडे दिवस चालला आणि गार. "काका, लाल दिवा लागतो, टायमर टिकटिकतो, पण आत थंडगार. त्यांनी डुप्लिकेट पार्ट टाकलाय." त्या दुकानाने तिला नशिबाचं उत्तर आधीच दिलेलं होतं.

शेवटचा हात जिथे लागला तिथे आधी बघावं, हे आमच्या धंद्यात पोरंही शिकतात. पण तिथे बघणं वेगळं आणि तिथेच दोष ठरवणं वेगळं. नैयायिकांनी यासाठी गाढव उभं केलंय. मडकं घडण्याआधी कुंभाराच्या दारात माती घेऊन गाढव येतं, तरी ते मडक्याचं कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरूनही आली असती. कुंभाराचा बापही कारण नव्हे, तो नसता तर कुंभार नसता हे खरं असलं तरी. आधी असणं पुरत नाही. नवा थर्मोस्टॅट हे असलंच गाढव असू शकतं.

पिन काढून ठेवली, मागचा पत्रा खोलला. वरची आणि खालची, दोन्ही कॉइल सत्तर ओहमच्या आसपास; 230 व्होल्टवर 750 वॅटची कॉइल तेवढंच दाखवते. थर्मोस्टॅटवर मीटर स्वच्छ वाजला. गाढव सुटलं. तरीही पिनेपासून कॉइलपर्यंत रस्ता तुटलेला. एक वायर हलवली तर मीटर वाजला, सोडली तर गप्प. थर्मोस्टॅटच्या पातीवर बसणारं थिंबल सैल होतं. स्लीव्ह करपून तपकिरी, पितळ काळं.

वर्षानुवर्षांच्या तापाने त्या थिंबलची पकड मेली होती. पार्ट बदलताना ते ओढून काढलं आणि तसंच नव्या पातीवर सरकवलं. दोन्ही कॉइल चालू असताना तिथून साडेसहा अँपिअर जातात. सैल सांध्याला अर्धा ओहम रोध आला तरी एकवीस वॅट उष्णता त्याच टिचभर जागेत साठते; लहान सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं. त्या उष्णतेने पकड आणखी ढिली होते, रोध वाढतो, आणि एक दिवस संपर्कच सुटतो.

मग बिघडवलं कुणी? जुन्या तापाने, ओढणाऱ्या हाताने, की करंटने? सगळ्यांनी मिळून. न्यायशास्त्र याला सामग्री म्हणतं: सगळी कारणं जमली तरच कार्य, एक जरी गळालं तर नाही. इथून एक निसरडी वाट फुटते, की सगळ्यांनी केलं म्हणजे कुणीच केलं नाही. ही वाट मला मान्य नाही. ताप आंधळा, करंट आंधळा. थिंबल सैल बसतंय हे फक्त एका बोटाला कळू शकत होतं, आणि पकडीने दाबायला क्षणही लागला नसता. ज्याला कळू शकत होतं त्याच्याकडे जबाब जातो, मग कारणांत त्याचा वाटा लहान का असेना. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला गीता पुढे दुर्मती म्हणते, हे सांगून सुटणारेही भेटतात. ते वचन अहंकार उतरवायला आहे, बिल चुकवायला नाही.

करपलेलं टोक कापून नवं थिंबल क्रिंप केलं, वर काचतंतूंची स्लीव्ह चढवली. (इथे सोल्डर करू नये, तापाने सुटतं.) मुलगी विचारत होती, त्या दुकानातून पैसे परत मागू का? थर्मोस्टॅटचे मागू नकोस, तो चांगला आहे. मजुरीचे मात्र जरूर माग.