पडू नये म्हणून…

वृद्धाश्रमात आजी पडू नये म्हणून तिला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवतात. हेतू चांगलाच असतो; खुब्याचे हाड मोडले की काय होते, हे आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांनी पाहिले आहे. पण चालणे बंद झाले की म्हातारपणी पायांतली ताकद थोड्याच दिवसांत जाते, तोल ढळतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. मग आपण जपतो कोणाला? तिला, की आपल्या मनाच्या स्वस्थतेला?

२००७ च्या कायद्याने आईवडिलांचे अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांची जबाबदारी मुलांवर टाकली. ते हवेच. मात्र बागेपर्यंत चालायचे का, हे तिला विचारावे असे तो कायदा सांगत नाही.

संत झान जुगाँ (संतपद २००९) हिने १८३९ साली फ्रान्समध्ये एका अंध, निराधार वृद्धेला घरी आणले व स्वतःचा बिछाना तिला दिला. आज बिछाने आहेत. हात धरून चालवायला माणूस लागतो, आणि वेळ देणे बिछाना देण्याहून जड जाते.

रविवारी भेटीला गेल्यावर फळांची पिशवी बाजूला ठेवून विचारावे, "आई, चालायचं का थोडं?" ती नको म्हणाली, तर तेही ऐकावे.