टिकणे म्हणजे काय? जुन्या शर्यतमार्गांच्या निमित्ताने

एखादी जुनी कृती ‘आजही टिकून आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात निदान तीन दावे मिसळलेले असतात: ती कृती नष्ट झालेली नाही, तिची आठवण लोकांच्या मनात ताजी आहे, आणि तिच्यातला गुण आजच्या परीक्षेलाही उतरतो. पहिले दोन दावे इतिहासाचे आणि मानसशास्त्राचे आहेत. तिसरा मूल्याचा असल्यामुळे तो तत्त्वज्ञानाच्या कक्षेत येतो. त्याची छाननी करण्यासाठी व्हिडिओ गेमचे क्षेत्र विशेष उपयोगी पडते, कारण तेथे जुन्या-नव्यातले अंतर अवघ्या तीन दशकांचे असले तरी साधनांमधला फरक प्रचंड आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा ‘सुपर मारिओ कार्ट’ हा खेळ ऑगस्ट १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्ट म्हणजे शर्यतीची छोटी, उघडी, चारचाकी गाडी. अशा गाड्यांसाठी त्या खेळात रचलेल्या वीस शर्यतमार्गांपैकी कोणते आजही कसाला उतरतात, हा प्रश्न वरवर हलका वाटला तरी त्याचे प्रामाणिक उत्तर देऊ पाहणाऱ्याला मूल्यनिर्णयाचे सगळे पेच सोडवावे लागतात.

पारखीच्या आड सर्वांत आधी आठवण येते. न्यायदर्शनात ‘प्रमा’ हे पद यथार्थ अनुभवाला, म्हणजे वस्तूला प्रत्यक्ष भिडून झालेल्या खऱ्या ज्ञानाला दिलेले आहे. स्मृती खरी असली तरी ती पूर्वीच्या अनुभवाचा संस्कार जागा झाल्याने उपजते, आणि म्हणून तिला प्रमेत स्थान मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, कॅसेट फुंकून-पुसून यंत्रात बसवून, भावंडांशी भांडत खेळलेला मार्ग पुढे सुंदर वाटतो, तेव्हा त्या सौंदर्यात मार्गाचा वाटा किती आणि सुट्टीचा किती, हे वेगळे काढणे अवघड होते. रसमीमांसक अभिनवगुप्ताने रसास्वादातली जी विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हे एक आहे. अशा प्रेक्षकाला समोरचे नाटक दिसतच नाही. स्मरणरंजन हे त्याच जातीचे विघ्न आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मात्र साक्षीदार म्हणून ते चालत नाही.

आठवण बाजूला ठेवल्यावर दुसरा मापदंड पुढे येतो, तो हुबेहूबपणाचा. बेंगळुरूमध्ये १९९७ साली स्थापन झालेल्या ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ या भारतातल्या आरंभीच्या गेमनिर्मिती संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा’ या मोटारशर्यतीच्या खेळमालिकेसाठी मोटारींच्या प्रतिकृती घडवण्यात भाग घेतला. रस्त्यावरची खरी मोटार समोर ठेवून पडद्यावर तिची प्रतिकृती उभी करणाऱ्या कारागिराला मुळाशी असलेले साम्य हाच कस लावावा लागतो, आणि त्या कामात तो रास्तही आहे. कार्टच्या मार्गांना मात्र जगात कुठेही मूळ नाही, आणि आकाशात तरंगणारा सप्तरंगी रस्ता कशासारखा दिसायला हवा होता, हे विचारण्यात अर्थ नाही. नाट्यानंद हा अनुकरणातून येतो, हे श्रीशंकुकाचे मत अभिनवगुप्ताच्या परंपरेने खोडून काढले, ते अशाच कारणाने: अनुभवणाऱ्यापुढे ‘मूळ’ नावाची वस्तू नसते. म्हणूनच जुने चित्रण आज ओबडधोबड दिसते, एवढ्यावरून मार्ग जुनाट झाला असे ठरत नाही.

याच बेंगळुरूच्या पेठेत तिसरी सावधगिरी शिकता येते. केंपेगौडाने सोळाव्या शतकात वसवलेल्या दोड्डपेठ आणि चिक्कपेठ या रस्त्यांवर आज मोटार अडकते, पण ते रस्ते पायी चालणाऱ्यासाठी, बैलगाडीसाठी आणि दुकानाच्या पायरीवर थांबून भाव करणाऱ्यासाठी आखलेले होते. त्या पावलांनी मोजले तर त्यांची रुंदी नेमकी वाटते. मार्गाची परीक्षा त्यावरून जाण्यासाठी जे चाक कल्पिले होते त्यावरूनच व्हायला हवी. पण हा न्याय सरसकट माफीत बदलू नये. एखादी अडचण त्या काळी अटळ होती, एवढ्याने ती अडचण गुण ठरत नाही.

‘सुपर मारिओ कार्ट’ ज्या यंत्रावर खेळला जाई, त्याला ‘मोड सेव्हन’ या पद्धतीने एकच सपाट चित्र फिरवता आणि लहानमोठे करता येत असे. त्यातून जमिनीचा भास निर्माण होई, परंतु खरा चढउतार शक्य नव्हता. शिवाय दोन खेळाडूंसाठी पडदा आडवा दुभागल्यामुळे लांबलचक सरळ रस्ते मावत नसत, म्हणून मार्ग आखूड आणि वळणांचे झाले. साहजिकच सगळा रस वळणे, पृष्ठभाग आणि काठ यांतूनच काढावा लागला. ‘घोस्ट व्हॅली’ या मार्गाकडे जवळून पाहावे. तो फळ्यांचा पूल आहे आणि त्याच्या कडेला ठोकळ्यांचा कठडा आहे. गाडी कठड्यावर आदळली की ठोकळा गळून पडतो आणि त्या शर्यतीत परत येत नाही. शर्यत पाच फेऱ्यांची असते. पहिल्या फेरीत ज्या चुकीला कठड्याने सावरून घेतले, तीच चूक चौथ्या फेरीत गाडीला खाली घेऊन जाते, आणि कित्येकदा ते भगदाड प्रतिस्पर्ध्याने पाडलेले असते. कर्म केल्यावर ते संपत नाही, ते परिस्थिती बनून पुन्हा पुढ्यात उभे राहते, हा विचार एकही शब्द न वापरता तेथे हाताला कळतो.

बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीची संघटना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी समजावून सांगितली. ती भाषा येथे उपयोगी पडते: सारख्या वळणांची पुनरावृत्ती हा संवाद, रुंद वळणानंतर अचानक येणारा काटकोन हा विरोध, आणि जवळच्या वाटेचा लोभ व तिच्यातला धोका यांचे तोलून धरलेले नाते हा समतोल. या कसोटीवर त्या सप्तरंगी रस्त्याची, म्हणजे ‘रेनबो रोड’ची, दोन रूपे वेगळी पडतात. १९९२ च्या मार्गाला कुठेही कठडा नाही. सपाटपणाची मर्यादा तेथे अर्थ बनते, कारण खोली दिसत नसल्यामुळे काठ हेच एकमेव सत्य उरते आणि खेळाडूचे सगळे अवधान तेथे एकवटते. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’ मध्ये त्याच नावाच्या मार्गाला चढउतार मिळाले, भोवती झगमगत्या आकृत्यांचे रात्रीचे आकाश मिळाले. पण दोन्ही बाजूंना सलग कठडा आला आणि तीन लांब फेऱ्यांत चुकीची किंमत जवळजवळ उरली नाही. तेथे दृश्य टिकले, रचना टिकली नाही. २०१४ च्या ‘मारिओ कार्ट ८’ मध्ये १९९६ चा हा मार्ग तीन टप्प्यांत विभागलेल्या एकाच फेरीचा करण्यात आला, यावरूनही हेच सूचित होते.

नव्याने घडवलेला मार्ग जुनाच मानायचा का, हा प्रश्न येथे उरतो. जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त जे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य यांनी, म्हणजे उपजणे, लयाला जाणे आणि स्थिर राहणे यांनी युक्त असते त्याला सत् म्हटले आहे, बदल आणि स्थैर्य हे एकाच वस्तूचे अंगभूत धर्म मानलेले आहेत. २०११ च्या ‘मारिओ कार्ट ७’ मध्ये जुना ‘रेनबो रोड’ परत आला तेव्हा दगडी ठोकळे आदळताच रस्त्यावर लाटा उठू लागल्या. सपाटपणा लयाला गेला, लाट उपजली, आणि कठड्याविना असलेला काठ स्थिर राहिला. याच जैन परंपरेतले दुसरे उदाहरण दगडाचे आहे: बेंगळुरूपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ कोरलेली आहे. दगड टिकला म्हणून ती ओळ उरली. पण ती वाचणाऱ्या प्रत्येकाला तिचा अर्थ नव्यानेच लावावा लागतो, आणि मूल्याच्या अर्थाने टिकणे ते हेच.

म्हणून जुन्या शर्यतमार्गाची खरी परीक्षा ज्याला त्याची कोणतीही आठवण नाही अशाच्या हाती आहे. त्या वर्षी न जन्मलेले मूल ‘घोस्ट व्हॅली’त पहिला ठोकळा पाडते, पुढच्या फेरीत त्याच भगदाडातून खाली जाते, आणि तिसऱ्या फेरीत तेथे येण्याआधीच वेग कमी करते, त्या क्षणी १९९२ चा तो मार्ग टिकलेला असतो.