दयाळ आणि शिक्रा

गेल्या वैशाखांत एके सकाळीं आमच्या परसांतील आंब्याच्या ढोलींतून नुकतेंच बाहेर पडलेलें दयाळाचें एक पिलूं शिक्र्यानें झडप घालून उचललें. आम्ही हातांतील पुस्तक टाकून धांवलों, दगड भिरकावला. पण तोंवर शिकारी दृष्टीआड झाला होता. ‘मेला दुष्ट!’ असा उद्गार घरांतील सर्वांच्या तोंडून एकदमच निघाला. त्या उद्गारानें आमच्या मनांत जी शंका उत्पन्न केली, ती वाचकांपुढें मांडीत आहों.

दयाळास आपण सज्जन कां मानतों? तो गातो म्हणून. परंतु त्याचें गाणें आपणांकरितां नसतें. विणीच्या दिवसांत उंच शेंड्यावर बसून तो जे आलाप घेतो, त्यांचा अर्थ मादीस ‘ये’ आणि दुसऱ्या नरास ‘खबरदार, ही हद्द माझी’ असा असतो. गाणें आटोपून तो जमिनीवर उतरतो, तो किडे, गांडुळें, प्रसंगीं एखादी लहानशी पालही टिपावयास! नांव दयाळ खरें. पण त्या किड्याच्या दृष्टीनें तोच शिक्रा नव्हे काय? किड्याचा आक्रोश आपणांस ऐकूं येत नाहीं, एवढाच भेद. उलटपक्षीं शिक्राही सरडे, उंदीर, पांखरें मारतो, तीं आपलें व आपल्या पिलांचें पोट भरण्याकरितांच.

शिक्रा गरुडाच्या कुळांतला. त्याचाच भाऊबंद म्हणून आपण ज्यास ओळखतों, तो ससाणा मात्र गरुडापेक्षां पोपटांचा व गाणाऱ्या पक्ष्यांचा अधिक जवळचा आप्त आहे, असें 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासानें दाखविलें. निसर्गाच्या वहींत सुष्ट व दुष्ट अशीं सदरेंच नाहींत.

मग नीति हा केवळ कानांचा भ्रम समजावा काय? तसें नव्हे. ज्यास दुसरा मार्ग पत्करतां आला असता, त्यासच दुष्ट म्हणणें शोभतें. शिक्र्यास निवड नाहीं, मनुष्यास आहे. पण मनुष्यांची पारख करितांनाही आपण कानांवरच विसंबतों. गोड बोलणाऱ्याच्या पायांखालीं किती चिरडले गेले, हें मोजीत नाहीं. कर्कश वाणीच्या माणसाचा मात्र एकही अपराध विसरत नाहीं.

दुसरे दिवशीं त्याच आंब्याच्या शेंड्यावर दयाळ पुन्हा गाऊं लागला. तें ऐकतांना आम्ही स्वतःस विचारिलें, काल दगड उचलला तो पिलाकरितां, कीं या गाण्याकरितां? गाण्याकरितां असेल, तर ती दया नव्हे, केवळ रसिकता होय. आणि या दोहोंची गल्लत करण्याची संवय आम्हांस फार दिवसांची आहे.