न विचारलेला प्रश्न

झाशीस बदलून आल्यापासून लक्ष्मीबाई हे नाव दिवसातून किती वेळा कानी पडते याची गणती नाही. येथील रेल्वे स्थानकालाही २०२१ साली तेच नाव मिळाले. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली मोरोपंत तांब्यांची मनू गंगाधररावांची राणी झाली, तेथे उभा राहिलो की माझ्या मनात मात्र दुसरीच एक लक्ष्मीबाई येते. तीही माहेरची मनूच. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची. १८८० साली नारायण वामन टिळकांशी तिचे लग्न झाले आणि तीही लक्ष्मी झाली. नवे नाव तुला आवडते का, असे या दोन्ही पोरींना कोणी विचारले असेलसे वाटत नाही. विचारण्याची रीतच नव्हती.

आमचे घराणे नगरचे, ख्रिस्ती. रेव्हरंड टिळकांची पदे आमच्याकडे देवळापेक्षा घरातच अधिक म्हटली गेली. वडील पेटी घेऊन बसत, आई पोळ्या लाटता लाटता सूर धरी. येथे रविवारची उपासना हिंदीत होते. ती कानांना पोहोचते; पण प्रार्थना पुरी झाल्यासारखे वाटत नाही. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघेच घरी बसून टिळकांची चार पदे म्हणतो. परमुलखात राहिलेल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हरिपाठाचे किंवा गणपतीच्या आरतीचे असेच होत असेल.

अशाच एका संध्याकाळी मी पत्नीला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवीत होतो. पुस्तक मी पूर्वी तीनदा वाचलेले. त्यामुळे हसण्याच्या जागाही मला ठाऊक होत्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेथे मी थांबलो आणि सवयीने म्हणालो, “केवढे हे धैर्य!” ती मटार सोलीत होती. मान वर न करता म्हणाली, “होय. पण तिला विचारले होते का हो?”

मी उत्तर देऊ लागलो. सदसद्विवेक ही ज्याची त्याची गोष्ट. देवापुढे मनुष्य एकटाच उभा असतो. सत्य पटल्यावर ते बायकोच्या संमतीसाठी अडवून कसे धरावे? ही उत्तरे खोटी नव्हेत. आजही मी ती मागे घेणार नाही. परंतु पंधरा वर्षांच्या संसारानंतर लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले ते देवापुढे उभे राहणे नव्हे. त्यांच्या वाट्याला आली नातलगांची दया, गावाची कुजबुज, आणि पदरात लहान मूल. सवाष्ण म्हणावे तर नवरा जवळ नाही, विधवा म्हणावे तर तो जिवंत. एकाच्या आत्म्याच्या शांतीची किंमत दुसऱ्याने भरावी, आणि तीही न विचारता, हे न्यायाचे कसे म्हणता येईल?

टिळकांना एक सोपी वाट मोकळी होती. १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून सहा महिने सहवास नाकारला तर विवाह मोडण्यासाठी न्यायालयात जाता येत असे. (१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही जोडीदाराने धर्म सोडल्यास दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. कायद्याला दोन्ही बाजूंनी मोडण्याचीच भाषा अवगत.) टिळक त्या वाटेला गेले नाहीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की, विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल तर पतीने तिला टाकू नये. टिळकांनी त्याहून अधिक केले. ती राजी नसतानाही चार वर्षांवर त्यांनी तिची वाट पाहिली. पुढे ती नगरला त्यांच्याकडे आली, तेव्हाही काही काळ तिने आपले सोवळे सोडले नव्हते, आणि ते त्यांनी पाळू दिले. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल घेऊन, नवऱ्याच्या शब्दाखातर नव्हे.

मला टिळक ख्रिस्ती वाटतात ते या वाट पाहण्यात. बाप्तिस्मा घटकाभराचा असतो. आपल्याहून निराळ्या मताचे माणूस रोज समोर पाटावर बसले असता त्याच्या पाण्याच्या भांड्याला हात न लावणे, हे दिवसाकाठी अनेकदा करावे लागते. तरीही मी पत्नीपुढे कबूल केले की नंतरची वाट पाहणी आधीच्या न विचारण्याची भरपाई होत नाही. ती म्हणाली, “होत नाही. पण तिने हिशेब मांडला नाही. पुस्तक लिहिले.”

यानंतर ती जे बोलली नाही ते मला ऐकू आले. झाशीच्या बदलीला मी होकार दिला तो कचेरीतच. बढती होती, नाही म्हणण्याचे कारण दिसेना. रात्री जेवताना, अन्नासाठी देवाचे आभार मानून झाल्यावर, मी घरात सांगितले. त्या वर्षी मुलगा दहावीला होता, आई अंथरुणाला खिळलेली. पत्नी दोन वर्षे नगरला राहिली. शाळेतली तिची नोकरी आधी रजेवर, मग सुटली. मी येथे एकटा जेवायला बसे आणि तिच्यासाठी प्रार्थना करी. प्रार्थना अगदी मनापासून असे. पत्नीसाठी देवाजवळ इतके मागणाऱ्या माणसाने तिच्याजवळ एक गोष्ट विचारली नव्हती, हे मात्र त्या दोन वर्षांत एकदाही ध्यानात आले नाही.

गेल्या आठवड्यात कचेरीतून पुन्हा एक कागद आला आहे. तीन ठिकाणे सुचवावयाची आहेत. या खेपेस मी तो घरी आणला, तिच्यापुढे ठेवला आणि पेन दिले. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली आणि ‘स्मृतिचित्रे’त खुणेच्या जागी ठेवून दिला. “घाई आहे का?” तिने विचारले. मुदत येत्या सोमवारपर्यंत होती. मी म्हणालो, “नाही.”